अंबुजा टीचर आणि पाठीचं माप

अंबुजा टीचरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका पिशवीला रागावत होत्या.

मी तक्रार करायला गेलो होतो. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या तळमजल्यावरच्या घरात दुसऱ्यांदा पाणी शिरल्यावर मी शहाणा झालो आणि वेस्ट मांबलममध्ये वरच्या मजल्यावर राहायला आलो. पाण्यातून सुटलो तो आवाजात सापडलो. खालच्या घरातून सकाळपासून 'घुं' असा आवाज यायचा. फ्रिजसारखाच, पण फ्रिज मधूनमधून थांबून दम घेतो. हा घेत नव्हता. मी तमिळमध्ये सभ्य निषेधाची वाक्यं जुळवली, जिना उतरताना ती पाठ म्हटली आणि उघड्या दारात जाऊन उभा राहिलो.

हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावलं होतं. मधोमध टेबल, टेबलावर जाड पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी, पिशवीत काहीतरी वाकडं लाकडी. पिशवीतून निघालेली नळी एका जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला जोडलेली. आणि समोर सुती साडीचा पदर खोचून, चष्मा कपाळावर चढवून एक उंच बाई उभ्या होत्या. त्या चक्क मराठीत म्हणत होत्या, "बस की गं! किती आढेवेढे? बस म्हटलं ना!"

पिशवीनं ऐकलं. फुगलेलं प्लास्टिक एकदम आक्रसलं आणि आतल्या लाकडाला कातडीसारखं चिकटलं.

माझी तमिळ वाक्यं वाया गेली. "तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्ही मराठीच. तू कोण?"

"वरच्या मजल्यावर नवीन आलोय."

"पुण्याचा?"

"सांगलीचा."

"तेच ते. काय पाहिजे?"

"आवाजाबद्दल सांगायला आलो होतो."

"सांग."

"आवाज येतो."

"येणार. पंप चाललेला अहे. इकडं ये, हात ठेव."

मी पिशवीवर हात ठेवला. मघाशी लुळं असलेलं प्लास्टिक आता दगडासारखं लागत होतं.

"कोण दाबलालं?"

"पंप ओढतोय," मी म्हणालो.

"चूक. पंप काय ओढतो! पंप नुस्तं आतलं वारं घालवतो. दाबतं ते बाहेरचं. तुझ्या डोक्यावर पण तेच अहे, सगळ्या मांबलमच्या डोक्यावर अहे. तुझ्या आत पण तेवढंच अहे म्हणून तुला कळत नाही. आतलं काढलं की बाहेरचं येऊन बसतं."

हवेला वजन असतं हे मी शाळेत मार्कांपुरतं शिकलो होतो. त्याला हात त्या दिवशी लागला. तक्रार राहूनच गेली. पुढं मी त्या घरात इतका गेलो की आवाज बंद असला तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

टीचर जन्मभर मुलींच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना 'टीचर' म्हणायची. इस्त्रीवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत निम्म्या लोकांच्या आया-बहिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मूळ घराणं तंजावरकडचं. त्यांच्या पूर्वजांनी मराठी दक्षिणेत आणलं, नीट सांभाळून वापरलं, पण महाराष्ट्रातून नवा माल कधी मागवला नाही. कमी पडलं ते तमिळमधून घेतलं. टीचरांकडे 'हवा' नव्हतीच, सगळं 'वारं'; 'दाबतंय' नव्हतं, 'दाबलालं'. एकदा मी 'निर्वात पोकळी' म्हणालो, तर त्यांनी मी शिवी दिल्यासारखं तोंड केलं. "वारं काढलेली जागा म्हण की. चार लोकांना कळेल."

घरचा फ्रिज बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, मोटर चांगली आहे, बाकी सगळं संपलं. टीचरांनी मोटर ठेवून घेतली. मग इंटरनेटवर त्यांना लाकडाचे पापुद्रे वाकवणारे परदेशी लोक सापडले. "त्यातला एक म्हणतो, आता गॅरेजमध्ये जा. त्याचं गॅरेज आमच्या बिल्डिंगीएवढं! माझं गॅरेज हॉलच. संध्याकाळी जेवायला त्याच टेबलावर."

काम ऐकायला सोपं. सागाचे कागदापेक्षा थोडे जाड पापुद्रे घ्यायचे, व्हीनिअर म्हणतात ते. एकेकाला गोंद लावायचा, थरावर थर ठेवायचा, सगळी चळत वाकड्या साच्यावर घालून पिशवीत सरकवायची आणि पिशवीतलं वारं काढून घ्यायचं. वारं चारी बाजूंनी सारखं दाबतं. इतक्या समजूतदारपणे दाबणारा दुसरा कारागीर नाही. गोंद वाळला की वाकडं लाकूड तयार. फार वळवायचं असेल तर पापुद्रे आधी वाफवून साच्यावर वाळवायचे. वाफवायचं भांडं इडलीचं. त्या घरातल्या इडलीला कधीकधी सागाचा वास यायचा आणि त्याबद्दल बोलायची पाहुण्यांना परवानगी नव्हती.

पण साच्यावरून काढलं की लाकूड थोडं मागं सरकतं. आपण पूर्वी सरळ होतो हे त्याला आठवतं. कारखान्यात याला काही तरी भारदस्त नाव असेल. टीचर त्याला 'रुसवा' म्हणत. जाड लाकूड फार रुसतं, पातळ पातळ पुष्कळ थर घेतले तर कमी. म्हणून साचा हव्यापेक्षा थोडा जास्त वाकडा कापायचा.

"थोडा म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते लाकूड सांगतं. मी कोण सांगणार?"

मी मोटार कंपनीत काम करतो. गाडीसोबत जी माहितीपुस्तिका मिळते आणि जी कोणी वाचत नाही, ती आम्ही लिहितो. कंपनीत आठवड्याला एकदा तरी कोणीतरी काचेच्या खोलीत उभा राहून 'नवनिर्मिती'वर बोलतो. त्यामुळं या शब्दाच्या आसपास काही घडत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. टीचरांच्या घरी तो शब्द कधी ऐकला नाही.

या सगळ्या खटाटोपामागचं कारण आतल्या खोलीत असायचं. टीचरांची धाकटी बहीण, तुळजाबाई.

तुळजाबाईंची हाडं ठिसूळ होऊन मणके एकेक करून बसत गेले होते. पाठ पुढं वाकत अशी झाली होती की नजर कायमची जमिनीवर. मान वर करायला गेलं की कळ. त्या माणसं पायांवरून ओळखायच्या. चेन्नईच्या उकाड्यात मोजे घालणारा इमारतीत मी एकटाच, म्हणून मी 'मोजेवाला'. दूधवाल्याच्या टाचा, मोलकरणीची जोडवी, सोसायटीच्या सेक्रेटरींचे करकरणारे बूट, सगळ्यांचा स्वभाव त्यांनी पायांवरून लिहून ठेवल्यासारखा ठरवला होता आणि तो सहसा चुकत नसे. पिशवीला कुठं बारीक गळती असली की ती शोधायचं काम त्यांचं. टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या की त्यांचा कान आपोआप पिशवीच्या पातळीला यायचा. "अक्का, तुझ्या डाव्या कोपऱ्यात वारं शिट्टी मारलालं." टीचर तिथं एसीवाल्याकडून आणलेल्या चिकट पुट्टीची गोळी दाबायच्या. शिट्टी बंद.

तुळजाबाईंशी समोरासमोर बोलायचं तर जमिनीवर बसावं लागे. मी बसायचो. टीचरांना ते शक्य नव्हतं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसल्या तर उठवायला दोन माणसं लागत. म्हणजे एकीला मान वर करता येत नाही आणि दुसरीला खाली बसता येत नाही. एका घरात, एका ताटातला भात खाऊन, दोघी बहिणींनी कित्येक दिवसांत एकमेकींचं तोंड धड पाहिलं नव्हतं.

"निजलेल्या असतात तेव्हा दिसतं की," मी एकदा म्हणालो.

"ते पेशंटचं तोंड," टीचर म्हणाल्या. "मला हिच्याशी भांडायचं असलं तर हिच्या भांगाशी भांडायला लागतं. भांग काय उत्तर देतो?"

"भांग शहाणा अहे, गप्प बसतो," खालून तुळजाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नीट टेकून बसता आलं नाही तर पाठ आणखी वाकेल आणि मग खाट. दुकानातल्या सगळ्या खुर्च्या सरळ पाठीच्या माणसांसाठी. उशा लावून पाहिल्या. त्या सरकायच्या आणि त्यांच्याबरोबर तुळजाबाईही. टीचरांनी विचार केला तो असा: खुर्ची मागं कलती हवी, आणि तिच्या पाठीला तुळजाच्या पाठीचाच खळगा हवा. कुबड खळग्यात बसलं की कलतेपणामुळं तोंड आपोआप वर येईल.

"म्हणजे तिची पाठ सरळ करायची नाही," त्या मला म्हणाल्या. "खुर्ची वाकवायची."

आधी त्यांनी ट्रे केले, दिव्याच्या शेड केल्या, हात बसवला. ही बातमी बाहेर गेली आणि आमच्या इमारतीच्या कमिटीला सत्काराची उबळ आली. तमिळनाडूत सत्कार म्हणजे पोन्नाडै, जरीच्या काठांची चकचकीत शाल. ती खांद्यावर पडल्याशिवाय माणूस मोठा होत नाही आणि पडल्यावर ती कशालाच उपयोगी नसते. अंगावर घ्यावी तर टोचते, अंथरावी तर घसरते. टीचरांच्या कपाटात निवृत्तीच्या वेळच्या अशा शालींची चळत होती.

कमिटी ठरल्या वेळेनंतर खूप उशिरा आली. सेक्रेटरी, खजिनदार, आणि कुठल्याशा कंपनीतले एक पाहुणे, ज्यांना सगळे 'सर'च्या तमिळ उच्चारानं 'सार' म्हणत होते आणि ज्यांनी टेबलाकडे एकदाही पाहिलं नाही. कमिटी येत नाही म्हणून टीचरांनी गोंद लावायला घेतला होता. लावलेला गोंद सत्कारासाठी थांबत नाही. शाल पडली, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी भाषण सुरू केलं. स्त्रीशक्ती झाली, टाकाऊतून टिकाऊ झालं, देशाचं भविष्य सुरू झालं. टीचर गोंदाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बोला सार, मी ऐकते," आणि खांद्यावरची नवी पोन्नाडै काढून, तिची नीट घडी घालून ती लाकडाच्या चळतीवर पसरली. मग सगळं पिशवीत सरकवून पंप चालू केला.

तिथं काहीतरी विरळ कापड लागतंच, नाहीतर प्लास्टिक लाकडाला चिकटून बसतं आणि मधलं वारं बाहेर यायला वाट राहत नाही. सुती कापडापेक्षा जरीचं कापड चांगली वाट देतं, असा टीचरांचा अनुभव होता. ज्या शालीनं माणसात हवा भरतात तिनंच लाकडातली हवा निघते, हे पाहून माझा सत्कार या प्रकारावरचा राग बराच कमी झाला. पाहुणे घुं आवाजावर मात करून भविष्याबद्दल बोलत राहिले. तुळजाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "बूट नवे अहेत. चावतात त्याला. म्हणून एका जागी थांबत नाही, एका पायावरून दुसऱ्यावर चाललाला." पाहुण्यांना मराठी येत नव्हतं हे बरं झालं.

मग खुर्चीला हात घातला.

माप टीचरांनी स्वतः घेतलं. शिशाची लवचीक पट्टी तुळजाबाईंच्या मणक्यांवरून दाबत खाली आणली, ती कागदावर ठेवून रेघ मारली, रेघेवरून साचा कापला. खरी अडचण पुढं होती. कागद एका अंगानं वळतो, दोन्ही अंगांनी वळवला तर चुरगळतो. लाकडाचंही तेच. आणि पाठीचा खळगा दोन्ही अंगांनी वळलेला. टीचरांनी पापुद्रे अरुंद पट्ट्यांत कापले, पट्टीला पट्टी लावून पिंपासारखा खळगा जमवला. कित्येक पट्ट्या चिरल्या. चिरलेली प्रत्येक पट्टी त्या उजेडात धरून बघायच्या आणि तिनं चुकून खरं उत्तर दिल्यासारखी बाजूला ठेवायच्या. या वयात, या गुडघ्यांवर, दिवसभर उभं राहून. मी पाहत होतो आणि माझ्या ओठांवर आलेला प्रत्येक विनोद मला आतच ठेवावासा वाटत होता.

पहिली खुर्ची सुंदर झाली. मी हा शब्द जपून वापरतो. सागाच्या रेषा वरून खाली वाहत आल्या होत्या आणि खळग्यापाशी जरा वळून पुढं गेल्या होत्या. आम्ही तुळजाबाईंना धरून बसवलं. त्या टेकल्या, हलल्या, पुन्हा टेकल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "पाठ छान अहे, अक्का. कुणाची?"

कुबड खळग्याच्या काठावर अडत होतं. तोंड जमिनीकडेच.

टीचरांनी दोष रुसव्याला दिला. लाकूड अंदाजापेक्षा जास्त मागं आलं असणार. पुन्हा माप घेतलं, रुसवा जास्त धरून साचा जास्त वाकडा कापला, सगळं पुन्हा केलं. ही खुर्ची आधीपेक्षा बरी, पण तरी दुसऱ्याच कोणाची. एवढ्यात पावसाळा आला, दमट हवेत गोंद वाळेना, पापुद्रे फुगायला लागले. आणि पाठ वाट बघत नव्हती. आता जेवताना तुळजाबाईंची हनुवटी छातीला टेकायला लागली होती. घास गिळायला त्रास व्हायचा. पंप काही दिवस बंद राहिला. मी वरती माझ्या शांत घरात बसायचो आणि ती शांतता मला नको असायची.

एके सकाळी टीचरांनी मला जिन्यातच थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "लाकडाचं काही चुकलं नाही. माझंच चुकलं."

"काय झालं?"

"सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले. ती पाठमोरी बसली होती, गवार निवडलाली. मी आलेली तिला कळलं नाही. पाठ बघितली मी. अय्यो, एवढी वाकलेली पाठ मी कधी बघितलीच नाही रे! मग मी खोकले." टीचरांनी मागं दाराकडे पाहिलं. "मी खोकले आणि पाठ वर आली."

मला लगेच समजलं नाही. त्यांनी समजावलं, वर्गात समजावत तसं. आई लवकर गेली, तुळजाला त्यांनीच वाढवलं. शाळेतही ती त्यांच्याच वर्गात. टीचरांचा वर्गातला एकच घोष होता, 'ताठ बसा'. मुलींची अक्षरं गेली तरी चालतील, पाठ जाता कामा नये. टीचर वर्गात शिरण्याआधी बाहेर खोकायच्या, आणि आत सगळ्या पाठी वर यायच्या.

"शाळा सुटून जमाना झाला. अजून माझी चाहूल लागली की ही दुखलं तरी वर होते. जमेल तेवढी. आणि मी पट्टी घेऊन जवळ जाते, तुळजा, हालू नको म्हणते! ती काय करणार? जन्मात सैल होऊन खाली बसणार नाही. मी तिचं माप घेतलं नाही, माझ्या खोकल्याचं घेतलं."

"मग मी घेतो माप," मी म्हणालो.

"तू पाहुणा. पाहुण्यासमोर पण ती ताठच. कुणी माप घेतलाले हे तिला कळताच कामा नये."

 तिसऱ्या दिवशी त्यांनी एक बीनबॅग फाडली. आतले थर्माकोलचे दाणे छोट्या पिशवीत भरले, पिशवीला नळी लावली आणि मला बोलावलं. "हात घाल." मी दाण्यांत मूठ दाबली. त्यांनी पंप चालू केला. क्षणात दाणे एकमेकांत रुतले आणि मऊ पिशवीची वीट झाली. मी हात काढला. माझी मूठ तिथं तशीच राहिली, बोटांच्या पेरांसकट.

ज्या वाऱ्यानं लाकूड वाकवायचं, त्याच वाऱ्याकडून त्यांनी माप काढून घ्यायचं ठरवलं होतं. मी आयुष्यात बऱ्याच हुशार माणसांच्या शेजारी बसलो आहे. त्यांतल्या बहुतेकांनी मला ते आधी सांगितलं होतं. त्या क्षणी मात्र मला टीचरांच्या समोर बसावंसं वाटलं, पहिल्या बाकावर.

"आता तुझं काम," त्या म्हणाल्या. "पिशवी तिच्या पाठीशी लावते, नवीन उशी म्हणून सांगते. मी पंप घेऊन स्वयंपाकघरात, नळी दाराखालून. तू तिला हसव."

"कसं?"

"तमिळ बोल. पुरे."

"आणि तुम्हाला कसं कळणार, केव्हा चालू करायचं?"

"हसताना माणूस हलतं. हसून झालं की खाली बसतं. त्या वेळचं माप खरं."

तुळजाबाई दाण्यांच्या पिशवीला टेकून बसल्या. मी समोर जमिनीवर. टीचरांनी कॉफीचं निमित्त करून आत जाताना दार लोटून घेतलं. मी माझी वेलचेरीतली फळांची गोष्ट काढली.

तमिळमध्ये फळाला 'पळम' म्हणतात. त्यातला ळ असा आहे की तो काढायला जिभेची आत घडी करावी लागते. माझी जीभ सांगलीची, ती घडी घेत नाही. मी नवा होतो. हातगाडीपाशी गेलो आणि ठणकावून म्हणालो, दोन पळ्ळम द्या. पळ्ळम म्हणजे खड्डा. फळवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे हात केला आणि म्हणाला, "दोनच कशाला सार? वेलचेरी आहे. पाहिजे तेवढे घेऊन जा, पैसे नकोत."

तुळजाबाईंना आधी नुसता हुंदका आल्यासारखं झालं. मग सगळं अंग हलायला लागलं. "दोन खड्डे!" त्या म्हणाल्या. "मग घेतलेस की नाही? पिशवी होती?" पुन्हा हसल्या, डोळे पुसले, "अय्यो, अय्यो" म्हणत दम घेतला, आणि हळूहळू, कोणी बघत नाही अशा बेतानं खाली बसल्या.

आतून घुं आवाज आला.

तुळजाबाई सावध झाल्या. "अक्का! काय करलालीस आत?"

"कॉफी!"

"कॉफीला पंप कशाला लागतो?"

 तुळजाबाई सवयीनं वर व्हायला लागल्या, पण आता काही फरक पडणार नव्हता. त्या ताठ झाल्या तरी पिशवी होणार नव्हती.

मी त्यांना धरून खाटेवर नेलं. परत आलो तर टीचर पिशवीसमोर उभ्या होत्या. त्यांनी आजवर कापलेल्या कुठल्याही साच्यापेक्षा हा खळगा खोल होता, आणि जरा डावीकडे गेलेला. त्यांनी त्यात हात घातला. मनगट आत गेलं.

"इतकं?" एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचून, त्या खळग्यात ओतून साचा काढायला प्लास्टर कालवायला घेतलं.

तिसरी खुर्ची दिसायला पहिलीइतकी देखणी नव्हती. खळगा एका बाजूला कललेला, पट्ट्यांच्या रेषा तिथं जाऊन गोंधळलेल्या. दुकानात ठेवली असती तर कोणी विचारलं असतं, ही अशी कशी झाली? दरम्यान माझी बदली पुण्याला झाली. टीचरांच्या मते मी पुण्याचाच होतो, त्यामुळं त्यांना नवल वाटलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "बरं आलास. एका बाजूनं धर."

आम्ही तुळजाबाईंना खुर्चीपाशी आणलं. टीचर समोर दुसरी खुर्ची ओढून बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तुळजाबाईंनी आधी कडेला टेकून पाहिलं. फसवणुकीचा अनुभव होता. मग जरा मागं सरकल्या. कुबड खळग्यात गेलं. लाकडानं काही आवाज केला नाही. त्या आणखी मागं रेलल्या, खांदे सैल झाले, आणि त्यांची हनुवटी छातीवरून सुटली. तोंड हळूहळू वर आलं. टीचरांची साडी, टीचरांचे हात, गळ्यातली साखळी, आणि मग टीचर.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता.

"अक्का," तुळजाबाई म्हणाल्या, "तू म्हातारी झालीस की गं."

टीचरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुझा पुढचा दात कुठं अहे?"

"पडला."

"कधी?"

"पडला कधीतरी."

"मला सांगितलं नाहीस!"

"तू विचारलं नाहीस. भुवया पांढऱ्या झाल्या त्या तू सांगितल्यास मला?"

"भुवया सांगायच्या असतात का? दात सांगायचा असतो! म्हणून गवार नको म्हणलालीस दोन महिने. आणि मी म्हणते, हिला झालंय काय!"

"गवार तू कच्ची ठेवतेस म्हणून नको म्हटलं."

"मी? मी कच्ची ठेवते?"

भांडण लागलं. आधी मराठीत, मग तमिळमध्ये, मग दोन्हींत मिळून. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं, ते एका दुपारी संपणारं नव्हतं. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. निरोप घ्यायला मधे पडणं म्हणजे देवळात पूजा चालू असताना पत्ता विचारण्यासारखं झालं असतं. मी दाराबाहेर येऊन बूट घातले.

जाळीच्या दारातून शेवटचं दिसलं ते असं. तुळजाबाई मान मागं टेकवून, दात पडलेल्या तोंडानं काहीतरी ठासून सांगत होत्या. टीचर त्यांना खोडून काढत होत्या. बोलता बोलता टीचरांनी हात पुढं केला. आरशात न बघता लावलेली तुळजाबाईंची टिकली एका भुवईवर गेलेली होती. टीचरांनी ती नखानं काढली, कपाळाच्या मधोमध ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. टिकली चिकटायला काही वेळ लागत नाही. भांडण चालूच होतं, आणि टीचरांनी अंगठा काढला नव्हता.